दारावरच्या दोन थापा

भुताखेतांना रात्रच लागते असं कुणी सांगितलं? ही गोष्ट भर दुपारची आहे, लख्ख उन्हातली.

धाकट्याचं त्या दिवशी गॅरेजातलं शेवटचं काम होतं. त्रेसष्ट वर्षांचा बाप्या, पण गॅरेज दोघा भावांचं, म्हणून थोरला तो थोरला आणि हा जन्माचा धाकटा. थोरला जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून गॅरेज नुसतं खायला उठायचं. उद्या सकाळी लेक न्यायला येणार होती, कायमचं.

काम होतं एका म्हाताऱ्या बाईंच्या जुन्या पिकअपचं. मधे कुण्या शहाण्याने तिच्यात नव्या पद्धतीचं इग्निशन बसवलं होतं. बाईंना ते डोळ्यासमोर नको. "आमचे हे होते तेव्हा जशी सुरू व्हायची, तशीच सुरू झाली पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या. धाकट्याने नवा डबा उपसून काढला, जुनी कॉईल लावली, डेल्कोत, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डबीत, पॉइंट आणि कंडेन्सर बसवले, वायरी एकेक करून जोडल्या. हातांना सगळं पाठ होतं. बोलायला तेवढं कुणी नव्हतं.

टायमिंग लावणं मात्र दोघांचं काम. एक बॉनेटखाली, दुसरा आत बसून सेल्फ मारायला. आत नेहमी थोरला. बुटका माणूस, सीट पार पुढे ओढून बसायचा, तरी बुडाखाली गोणपाटाची घडी लागायचीच. एकदा घाईघाईत इंजिनच्या पंख्याने धाकट्याच्या करंगळीचं टोक नेलं. थोरला त्या दिवशी जेवला नाही. तेव्हापासून नेम पडला: धाकट्याने "मार" म्हणायचं, थोरल्याने आतून दारावर दोन थापा द्यायच्या, म्हणजे हात बाजूला घे, आणि मगच सेल्फ.

डेल्कोचं झाकण बसवलं आणि वाकल्या वाकल्या धाकटा सवयीने बोलून गेला, "मार रे दादा."

बोलला आणि स्वतःशीच खजील हसला. म्हातारपणी वेड लागतं म्हणतात, ते हेच.

ठक... ठक.

हात आपोआप मागे आला. सेल्फ फिरला, इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. धाकट्याने शर्टाचा खिसा चाचपला. चावी खिशातच होती.

उघड्या बॉनेटमुळे आतलं दिसत नव्हतं. चार पावलं बाजूला सरकला असता तर दिसलं असतं. तो सरकला नाही. बघितलं तर जाईल, असं त्याला वाटलं.

"दादा..." तो हळूच म्हणाला, "आठ महिने लावलेस रे."

मग तासभर तो डेल्को केसाकेसाने फिरवत राहिला आणि बोलत राहिला. लेकीचं, गुडघ्याचं, एकट्याने गिळलेल्या जेवणाचं. इंजिन सुरात लागलं, तो म्हणाला, "बंद कर," आणि इंजिन बंद झालं. त्याने तिथूनच लेकीला फोन लावला. "उद्या येऊ नकोस गं. कधीच नको. मी एकटा नाहीये इथे." फोन त्याने टेबलावर ठेवला तेव्हा त्याला हसू फुटत होतं.

संध्याकाळी बाई आल्या. दार उघडून चढल्या आणि थबकल्या.

"मिस्त्री, सीट कुणी मागे सारली हो? माझे पाय पोचत नाहीत."

धाकट्याने वाकून पाहिलं. सीट शेवटच्या खाचेला टेकली होती.

"तुमचे मालक उंच होते का?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"छे! माझ्याएवढेच. तीस वर्षांत ही सीट मागे गेली नाही. गंजून बसली होती मेली."

दोघांनी जोर लावून ती पुढे ढकलली. पिकअप वळणापलीकडे गेली, आवाज विरला, रस्त्यावर चिटपाखरू उरलं नाही. धाकट्याने घाईघाईने शटर खाली ओढलं. आता घरी जायचं, लेकीला सांगायचं, ये गं बाई, आत्ताच्या आत्ता ये. हात खिशात गेला. फोन टेबलावर, आतच राहिला होता.

शटर परत उचलायला तो कडीशी वाकला. तोच आतून दोन थापा पडल्या. शटरच्या अगदी वरच्या पट्टीवर, जिथे ग्रीस लावायला त्याला स्टूल लागायचं.