तिच्या खाटेभोवती

माझ्या धाकट्या दिरांना ट्रकशी बोलायची सवय होती. चढ आला की म्हणायचे, "चल गं म्हातारे, वहिनी बसल्यात, लाज राख." भूकंपानंतर ते तंबू, घोंगड्या आणि दूध पावडर घेऊन डोंगरात निघाले, तेव्हा मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. औषधांची पेटी मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. आता तो ट्रक नाही, भाऊजीही नाहीत. पण डिझेलचा वास आला की त्यांची शिट्टी ऐकू येते.

रस्ता संपतो तिथल्या गावात एकही भिंत उभी नव्हती. तरी ट्रककडे कोणी धावलं नाही. सगळं गाव एका ताडपत्रीखाली दाटीवाटीने बसलं होतं. मधोमध खाट, खाटेवर एक तरुण सून. ढिगाऱ्याखालून तिला जिवंत काढलं होतं, पण उजवा पाय गुडघ्याखाली चेचला होता. काळा पडला होता. वास दुरूनच येत होता.

"आज खाली दवाखान्यात नेलं नाही तर ही जगायची नाही," मी तिच्या सासूला म्हटलं.

"औषध द्या काय ते. न्यायचं नाही."

"अहो, तुमच्या घरची सून आहे ती."

"म्हणूनच."

मी बांबूला सलाईनची बाटली टांगली, सुई लावली. तेवढ्यात जमिनीखालून घरघर आली. समोर ट्रक उड्या मारू लागला. बांधलेली गाय गुडघ्यांवर पडली. ताडपत्रीच्या कडेची माणसं एकमेकांवर आदळली आणि मग आत घुसू लागली, कोपरांनी, दगडांनी. एकाने दुसऱ्याच्या तोंडावर पितळी तांब्या हाणला. दात माझ्या पायाशी पडले. एक म्हातारा खाली गेला आणि त्याच्या पाठीवरून माणसं गेली.

मी बाटलीकडे बघत होते. ती हलत नव्हती. स्टुलावरच्या पेल्यात पाणी काचेसारखं सपाट होतं.

धक्का थांबला. म्हातारा उठला नाही.

"आज कडेला बसायची पाळी त्याची होती," माझ्या शेजारी उभा असलेला गावचा खाटीक म्हणाला, जणू पाणी भरायच्या पाळीबद्दल बोलत होता.

भाऊजी धापा टाकत आले. "वहिनी, मी स्टिअरिंगवर आपटलो. आणि तुम्ही इथे ढिम्म उभ्या?"

"नंतर बोलू. स्ट्रेचर आणा."

मला वाटलं होतं, थकव्याने चक्कर आली असेल. चक्कर आली तर बाटली हलताना दिसते, स्थिर दिसत नाही, हेही मला कळत होतं.

आम्ही तिला उचललं आणि गाव उठलं. भाऊजींच्या खांद्यावर पहार बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. स्ट्रेचर दोन्हीकडून ओढलं जात होतं. बायकांच्या मुठींत तिच्या केसांचे झुपके आले.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "मला जाऊ द्या. मला जगायचंय."

सासूने हात वर केला. सगळे थांबले.

"खाली नेऊन पाय कापणारच ना?" तिने मला विचारलं.

खाटकाने पायाकडे पाहिलं.

"मग तेवढा इथे राहू दे," सासू म्हणाली.

गावातल्या दोन बायकांनी माझे हात मागे धरले. मी म्हटलं, निदान इंजेक्शन तरी देऊ द्या. तेवढं देऊ दिलं. ते अंगात भिनायची वाट मात्र कोणी पाहिली नाही.

खाटकाचा सत्तूर गुडघ्यावर पडला. पुन्हा पडला.

ती एकदाच ओरडली.

मला सोडलं तेव्हा मी रक्त बांधायला धावले. मान वर केली, तर गावाने आमच्याकडे पाठ फिरवली होती. आम्हीच आणलेल्या घोंगडीत पाय गुंडाळला होता आणि जो तो हात लावायला झोंबत होता. सुनेकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

भाऊजींनी एका हाताने ट्रक उतरवला. ती वाचली.

पुढे महिनोन्‌महिने ती माझ्याच वॉर्डात होती. म्हणायची, "ताई, पायाला धरलंय." मी समजावलं, कापलेला पाय असल्यासारखा वाटतो, नसांची सवय असते ती.

"मला कळत नाही का? हे आत्याबाईंचे हात. हा खाटकाचा, त्याला अंगठा नाही. सगळ्यांचे ओळखू येतात."

"मग घाबरतेस कशाला?"

"एक हात खालून आहे."

एका दुपारी मी पट्ट्या गुंडाळत बसले होते. ती ताडकन उठून बसली.

"सुटले. सगळे एकदम."

डोंगराची ती अख्खी बाजू गावासकट त्याच दुपारी दरीत गेली, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मी हसून म्हटलं, "चला, सुटलीस एकदाची."

तिने मान हलवली. "वरचे सुटले."

गुडघ्याखाली चादर सपाट होती. चुरगळली होती म्हणून मी ती पायथ्याकडून माझ्याकडे ओढली.

चादर आली नाही.