एका घोसाला सहा

संत्र्याच्या झाडाचा काटा. बाह्या न लावलेला पांढरा ब्लाऊज. दिवसातून एकदाच येणारी बस. एकच सकाळ उमलणारं फिकट फूल.

एप्रिल. धुकं अजून जमिनीलगत. ओतिलिया बाबांच्या व्हॅनिलाच्या बागेत शिरली, तर वेलीपाशी एक अनोळखी तरुण काट्यानं फूल उचकटत होता… पलीकडच्या गावाहून कामाला आलेला नासारिओ. हातानं जुळवल्याशिवाय या फुलाला शेंग धरत नाही. गावात त्याला फुलांचं लग्न लावणं म्हणतात.

"पाहुणे, फूल आहे ते. कुलूप उघडताय का?"

"मग तू दाखव ना. माझी बोटं जरा आडदांड आहेत."

"बोटंच?"

तिनं दाखवलं. काट्यानं मधला अंतरपाट उचलायचा, अंगठ्यानं हलकेच दाबायचं — झालं. तिचा अंगठा त्याच्या अंगठ्यावर… जरा जास्तच वेळ राहिला.

घोसात वीस फुलं, पण जुळवायची सहाच. बाकीची गळू द्यायची. त्याला ती उधळपट्टी वाटली.

"वेलीला नाही म्हणता येत नाही," ती म्हणाली. "जेवढी जुळवशील तेवढं सगळं पोसत बसते, आणि वाळून जाते. तिच्या वतीनं आपण थांबायचं."

वर्षभर दोघांचे बेत चालले. स्वतःचा छोटा धंदा काढायचा, वेलीला झेपेल तेवढंच विकायचं, डब्यावर सहा फुलं काढायची. मग लग्न. त्यासाठी तिनं पांढरा ब्लाऊज शिवायला घेतला.

पुढच्या वसंतात शहरातला व्यापारी आला. दुप्पट माल द्या, मग दरवर्षी तुमच्याकडूनच घेतो म्हणाला. ओतिलियानं मान हलवली — नाही. पैसे जमेनात, लग्न आणखी लांबलं; ब्लाऊजच्या बाह्या लावायच्या राहून गेल्या. नासारिओ घोसातली फुलं मोजत राहिला. त्याच सुमारास बाबा आजारी पडले. बाग नासारिओवर सोपवून ती तीन आठवडे इस्पितळात बाबांजवळ होती.

परतली, तेव्हा प्रत्येक घोसात वीस-वीस कोवळ्या शेंगा.

ती जास्तीच्या खुडू लागली. त्यानं मनगट धरलं. "राहू दे. एवढं एकच वर्ष…"

ओतिलियाला नाही म्हणता आलं नाही.

नोव्हेंबरात पानं पिवळी पडली. शेंगा बोटभर, सुकलेल्या. व्यापाऱ्यानं त्या हुंगल्याही नाहीत. फेब्रुवारीपर्यंत आजोबांनी लावलेल्या साऱ्या वेली वाळून गेल्या. बागेत काम उरलं नाही, आणि नासारिओला बाबांच्या नजरेला नजर देववेना.

बसपाशी तो म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं गं."

"ठाऊक आहे." तिनं त्याची कॉलर सारखी केली. "म्हणून तर धड रागावताही येत नाही."

"परत येऊ?"

"नवी वेल फुलायला तीन वर्षं लागतात."

"मी वेलीचं विचारत नाहीये."

"मीही… वेलीचं सांगत नाहीये."

तिनं नव्या वेली लावल्या. तीन वर्षांनी फुलं आली. बसही रोज आली — थांबली, निघून गेली. ओतिलियानं काटा घेतला आणि प्रत्येक घोसात मोजून सहा फुलं जुळवली.

त्या पहिल्या वसंतात, नासारिओला शिकवण्याच्या नादात, एका घोसात तिनं सात जुळवली होती.