उष्टी गाणी

सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आमच्या या केलीव्हिल उपनगरात आजवर एकाही शहाण्याने ठेवलेला नाही. नेव्ह टॅलबटच्या शेवटच्या अल्बममध्ये, अकराव्या गाण्याच्या अगदी शेवटी, गिटार थांबल्यावर एक बाई मराठीत बोलते. एकच शब्द!

नेव्ह म्हणजे इथला जुना कंट्री गायक. वय एकोणऐंशी. तरुणपणी त्याने खर्ज लावला की गावोगावच्या पाण्याच्या टाक्या गळू लागायच्या आणि मेंढ्या आपणहून रांगेत उभ्या राहायच्या. आता मात्र दोन पायऱ्या चढला तरी आवाज बसायचा. नवीन लिहायचं त्राण उरलं नव्हतं, म्हणून त्याने ठरवलं, दुसऱ्यांनी गाजवलेली, आपल्या आवडीची अकरा गाणी जाता जाता आपल्या गळ्यातून काढायची. रेकॉर्डिंग शेजारच्या कॅसल हिलला, हौसेने स्टुडिओ थाटलेल्या सलिलच्या गॅरेजमध्ये.

आणि त्या थकलेल्या गळ्याची काळजी घ्यायला देवयानी.

देवयानी आवाजाची थेरपिस्ट. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये स्ट्रोकच्या पेशंटना पुन्हा 'आ' म्हणायला शिकवायची आणि शनिवारी दुपारी नेव्हला. पहिल्यांदा आली तेव्हा थंडीतला बारीक पाऊस होता. बेल दाबायला तिने बोट उचललं, तेवढ्यात दार उघडलं आणि एका दाढीवाल्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. आत रेकॉर्डिंगचा लाल दिवा. ती तशीच, बोट वर करून, साडेचार मिनिटं भिजत उभी राहिली.

दिवा विझल्यावर तो म्हणाला, "सॉरी हं... टेक चालू होता. मी सलिल."

"देवयानी. माझ्या केसांतून पाणी गळतंय, तेही रेकॉर्ड झालं असेल."

"झालंय. पण सुरात गळतंय."

ती हसणार होती. पण सकाळपासून सात पेशंट झाले होते, हसू ओठांपर्यंत येऊन परत गेलं. ते सलिलने पाहिलं. तोही आठवडाभर सिटीत कोड लिहायचा, मेट्रोत उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा. दोघं इतके दमलेले असायचे की लाडात बोलायलाही जीव नसायचा. त्यांचं ते जे काही होतं... ते जांभयांमधून वाढलं. एकाने दिली की दुसऱ्याला यायची.

"तुझी जांभई माझ्यापेक्षा अर्धा सूर वर आहे," तो म्हणायचा.

"मग तू वर चढ ना."

"आज नको. पुढच्या शनिवारी."

असे नऊ शनिवार गेले. दहाव्याला ती मफलर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "मला टार्निटला नोकरी लागतेय. मेलबर्नकडे. पुढचा शनिवार शेवटचा."

"अच्छा... छान की," सलिल म्हणाला आणि चांगली लावलेली एक वायर काढून परत तिथेच लावली. ती दारात थोडी रेंगाळली. तो आणखी एक वाक्य बोलला असता, तर तिने मफलर सोडला असता. तिच्या मनातलं मला कसं कळलं, ते विचारू नका.

शेवटचा शनिवार. शेवटचं गाणं. नेव्हने चार ओळी म्हटल्या आणि हेडफोन काढून ठेवला.

"नाही होत, मेट. हे माझ्या दोस्ताचं. तो गेला बिचारा. त्याने असं गायलंय की माझ्यासाठी काही उरलंच नाही."

पहाटे पाचला उठलेली देवयानी कपाळ दाबत मराठीत पुटपुटली, "मग आतापर्यंत काय गायलास बाबा? दहाच्या दहा उष्टीच होती की."

नेव्हचे कान अजून तिखट होते. "ऊश्टी? ही कोण पोरगी?"

सलिलला हसू आवरेना. "पोरगी नाही, नेव्ह. दुसऱ्याचं तोंड लागलेलं अन्न. आम्ही ते खात नाही."

"म्हणजे माझा अल्बम खरकटा?"

"तसं नाही... परक्याचं खात नाही. आपल्या माणसाचं खातो."

नेव्हने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाला, "तो माझाच माणूस होता," आणि कोमट पाण्याचा घोट घेऊ लागला.

देवयानीने हलकेच विचारलं, "आणि माणसांचं काय रे, सलिल? माझा एक संसार मोडून झालाय. पुण्याच्या एका स्थळाच्या आई फोनवर म्हणाल्या, मुलगी गुणी आहे हो, पण... त्या 'पण'पुढे त्यांनी हाच शब्द गिळला."

सलिलने बोलायला तोंड उघडलं — आणि नेव्हने हेडफोन चढवला. "लाव दिवा. पटकन. आत्ता येतंय."

दिवा लाल झाला. आता श्वाससुद्धा जपून.

टेबलावर देवयानीने अर्धा खाऊन ठेवलेला लॅमिंग्टन होता. चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात लोळवलेला तो इथला केक. तिच्या दातांची कड त्यावर स्पष्ट होती. सलिलने तो उचलला. तिच्याकडे बघत, त्याच कडेने, आवाज न करता, सावकाश खाल्ला. दाढीला खोबरं लागलं. देवयानीचे ओठ हलले, बिनआवाजाचे: वेडा आहेस का? त्याने मान हलवली: हो, आहे. तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत, बाहीची सळसळ माइकला गेली असती.

आणि नेव्ह काय गायला म्हणता! बाहेरच्या झाडावर खिदळणारे कूकाबरा पक्षीसुद्धा हसायचे थांबले. शेवटची तार विरली. दिवा अजून लाल होता, माइक उघडा होता... आणि त्या शांततेत देवयानी म्हणाली, "हो." टार्निट रद्द! विश्वास नसेल तर आवाज मोठा करून ऐका, अजून ऐकू येतं —

"थाप!"

गोष्ट ऐकत बसलेली अंगणातली सगळी डोकी मागे वळली. शेवटच्या खुर्चीवरून देवयानीच उठली होती.

"पद्माकरकाका, ती नेव्हची खुर्ची करकरली होती. टार्निट रद्द केलं ते खरं, केकचंही खरं. पण 'हो' मी म्हटलेलंच नाही." ती जरा थांबली. "अजून."

बार्बेक्यूवर कणसं परतणाऱ्या सलिलचा हात जागीच राहिला.

"अजून?"