चार पट्ट्यांची ऊब

प्रेमाला ऊब लागते, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. बोहिन्यच्या डोंगरात मात्र ऊब आधी गोंदाला लागते. स्कीच्या तळाला गोंदाने केसाळ पट्ट्या चिकटवल्या तरच बर्फाचा चढ चढता येतो. वर पोचलं की त्या सोलायच्या आणि कोटाच्या आत, छातीशी ठेवायच्या. गोंद गारठला की पट्टी पुन्हा चिकटत नाही, आणि माणूस आहे तिथेच राहतो.

येर्नेयाला हे कॉलेजपासून पाठ होतं. तरी ती पट्ट्या कुठेही टाकायची, आणि उर्बान काही न बोलता आपल्या ऊबदार पट्ट्या तिला द्यायचा. या व्यवहाराला दोघांनीही कधी नाव दिलं नाही. पुढे त्याने भलत्याच मुलीशी लग्न केलं आणि तिने नोकरीशी.

त्यामुळे जानेवारीतल्या त्या सकाळी, गाडीपाशी बूट आवळताना समोर उर्बान दिसला, तेव्हा तिच्या हातून बुटाचा बंद निसटला.

"मारुशा, हा येणार हे बोलली नाहीस..."

"बोलले असते तर आली असतीस?" मारुशा दोघांची जुनी मैत्रीण. संकोच तिला कधी परवडला नव्हता.

उर्बानबरोबर त्याची लेक होती, आठ वर्षांची नेझा. तिची आई आता दुसऱ्या घरी, दुसऱ्या गावात राहत होती. चढावर नेझा येर्नेयाच्या मागेच लागली.

"मावशी, तू बाबाची कोण?"

"जुनी मैत्रीण."

"किती जुनी?"

"कडा झिजल्यात, इतकी."

पुढे चाललेला उर्बान हसला. नुसते खांदे हलले, पण येर्नेयाने ते पाहिले. सोमवारी तिला ऑस्लोच्या नोकरीला होकार कळवायचा होता. आपण जाऊ नये असं कुणाला वाटतं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. अगदी सहज... म्हणजे, वाटलं तर.

खिंडीतल्या झोपडीशी पोचल्यावर सगळ्यांनी पट्ट्या सोलल्या. येर्नेयाने आपल्या पट्ट्या दाराबाहेर बर्फातच टाकल्या. आत शेगडी धगधगत होती. बार्लीचं गरम सूप आलं, मारुशाने जांभळ्या बेरीची दारू काढली. सगळ्यांनी कोट उतरवले. उर्बान तेवढा कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बसला. कपाळावरून घाम ओघळत होता आणि छाती कबुतरासारखी फुगली होती.

"कोट काढ की," येर्नेया म्हणाली.

"नको. बरं वाटतंय."

"घाम बघ तुझा!"

"सुपाचा आहे."

"आत लपवलंयस काय? मांजर?"

"पट्ट्या," नेझा सूप फुंकत म्हणाली. "चार आहेत. दोन तुझ्या, मावशी. तू टाकल्यास ना, त्याने लगेच उचलल्या."

मारुशाला एकाएकी बाहेरचं हवामान बघायची निकड आली. नेझाचं बखोट धरून ती निघून गेली.

येर्नेयाने त्या फुगीर छातीकडे बोट दाखवलं.

"उर्बान... इथून गाडीपर्यंत नुसता उतार आहे."

"माहीत आहे."

"मग पट्ट्या ऊबदार ठेवून करणार काय?"

"काही नाही." त्याने चमचा सुपात दोनदा फिरवला. "तुझ्या गारठलेल्या बघवत नाहीत... पूर्वीपासून."

"आणि हे आज सांगतोयस?"

"तू आज विचारलंस."

तिने हात पुढे केला. "दे. ऊब वाया कशाला घालवायची? मागच्या टेकडीवर जाऊन येऊ."

पट्ट्या घट्ट चिकटल्या. टेकडीवर वारा होता, आणि वाऱ्यामुळे फार जवळ उभं राहावं लागत होतं. निदान दोघं तसं धरून चालली.

"ऑस्लोच्या नोकरीला नाही म्हणून कळवते," ती म्हणाली.

"नोकरी चांगली होती का?"

"फार चांगली."

"मग... नको जाऊस." हे वाक्य म्हणायला त्याला सबंध तारुण्य लागलं होतं.

खालून नेझा ओरडली, "बाबा, मावशी, चला की! घसरत या!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, हातात हात घेतला आणि उतारावर झोकून दिलं.

पट्ट्या काढायच्या राहिल्या होत्या. पट्ट्या लावलेली स्की उतारावर घसरत नाही. दोघं चालत खाली आली.