भिवाच्या चपला

आनंदराव साळवींना वेड दोनच गोष्टींचं, जुन्या गाड्यांचं आणि स्वच्छतेचं. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. काचेच्या नळीवर बोटाचा ठसा दिसला तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. निवृत्त होऊन ते ठाकुर्लीच्या घरी बसले तेव्हा त्यांची बायको नीला ओटा पुसायची आणि हे मागाहून तोच ओटा पुन्हा पुसायचे.

"फिनेलच्या बाटलीशी लग्न केलं असतं तरी संसार असाच झाला असता," नीला म्हणायची.

लग्न नवं असताना घोडबंदर रोडला एक लाल गाडी त्यांच्या शेजारून सुळकन गेली होती. ठेंगणी, दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडलेलं. "तुला अशा गाडीतून फिरवीन एक दिवस," आनंदराव तेव्हा बोलून गेले होते. नीला ते विसरली. ते विसरले नाहीत.

तशीच गाडी बाळकुमला आहे असं त्यांना कळलं. चाळीस वर्षांपूर्वी परदेशात बनलेली, कित्येक वर्षं एका शेडमध्ये उभी. घर जुन्या गावकऱ्यांचं. कधीकाळी भातशेती आणि मिठागरात राबणारी माणसं, आता चहूबाजूंनी टॉवर आणि मधोमध त्यांचा दुमजली बंगला. जमिनीच्या पैशातून घेतलेली ती गाडी आता मुलगा सुदेश विकत होता. त्याची आई, गोदाबाई, पायरीवर बसून सुकट निवडत होती. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा. आनंदरावांनी वासापायी रुमाल नाकाला लावला आणि शेडमध्ये शिरले.

गाडी धुळीखाली होती, पण पत्रा शाबूत होता. मग त्यांचं लक्ष खाली गेलं.

ड्रायव्हरच्या दाराशी चपलांचा एक जोड होता. चामड्याचा, लहानखुऱ्या पावलांचा. अंगठ्याच्या जागी खोल खळगा पडलेला, टाचेखाली काळा मेणचट थर साचून चकाकत होता. कुणाची तरी पावलं सोलून तिथे ठेवल्यासारखं ते दिसत होतं. आनंदरावांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

"आमच्या पप्पांच्या," सुदेश म्हणाला. "भिवा नाव त्यांचं."

"तो चपला घालून गारीन कवा बसला नाय," गोदाबाई पायरीवरून म्हणाली. "देवलान जातांव तशा भाईर काढायचा, न् मंग बसायचा. मिठान राबलेलं पाय, त्याला कशाला पायजेत चपला?"

"आता कुठे असतात ते?"

सुदेशने खाली पाहिलं. "गाडी भेटली खाडीकडे, मिठागराच्या बांधावर. दारं बंद, इंजिन गरम. पप्पा नाय भेटले. झाली आता बरीच वर्षं." मग विषय बदलावा तसं त्याने गाडीच्या खणातून एक पुस्तक काढलं. "हे पण घ्या. कंपनीचं आहे, कोरं. पप्पांना वाचता येत नव्हतं."

"फोन आला तरी मना दाखवायचा," गोदाबाई हसली. "बोलायचा, कोनाचा हाय, बग. मी चौथी शिकलेली ना!"

व्यवहार ठरला. आनंदराव निघाले तेव्हा ती उठून शेडपर्यंत आली.

"गारी नेतंस तं चपला पन ने, बाला."

"नको, मावशी. तुमच्याकडेच असू द्या."

"तो आला तं गारीकडंच येल ना? मंग पायान काय घालंल?"

"आई, साहेब काय म्युझियम काढतायत काय?" सुदेश म्हणाला. आनंदराव कसनुसं हसले. त्या चपलांना हात लावायच्या नुसत्या कल्पनेने त्यांच्या बोटांना बुळबुळीत वाटलं होतं. चपला तिथेच राहिल्या.

कोपरीला संदेशचं गॅरेज होतं. जुन्या गाड्यांची कामं ठाण्यात तोच घ्यायचा. कार्बोरेटर, ब्रेक, रबरी नळ्या, वायरिंग असं एकेक काम उरकत गाडी उभी राहायला काही महिने लागले. एका सकाळी ती ठाकुर्लीला, इमारतीच्या पार्किंगमध्ये येऊन थांबली. आनंदरावांनी ती आतून स्वतः धुतली. सीटचं चामडं साबणाने पुसून त्याला तेल दिलं, जुन्या चटया फेकून नव्या रबरी चटया घातल्या. नीला खाली येऊन बघून गेली.

"छान आहे हो. पण हा वास कसला?"

"जाईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं तर पेडलखालच्या नव्या चटईवर ओल होती. टाच, तळव्याची बाहेरची कड, पाच बोटं. ओल सुकली तशी तिच्या कडेने पांढरी रेघ उमटली. आनंदरावांनी ती नखाने खरवडली, जिभेला लावली आणि लगेच थुंकले. मीठ होतं.

त्यांनी गाडी संदेशकडे नेली. संदेशने पाइप लावून तासभर पाणी मारलं.

"काका, एक थेंब आत नाय आला. तुमचाच पाय असेल."

"मी बूट घालतो रे."

"मग काकूंचा? रात्री लाँग ड्राइव्हला जातात वाटतं, तुम्हाला सोडून!"

संदेश आपल्याच विनोदावर खो-खो हसला.

ओल रोज येत राहिली. मग चटईच्या कडेला काहीतरी पडलेलं सापडू लागलं. आधी त्यांना ते सुक्या खोबऱ्याचे काप वाटले. चिमटीत धरून उजेडात नेल्यावर कळलं. टाचेची कातडी होती, जाड, पिवळट, वाळून वळलेली. क्लचच्या पेडलवर राखाडी मेणचट थर बसायचा. तो आनंदराव सुरीने खरवडून काढायचे, कागदात गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकायचे. हात कितीही धुतले तरी नखांत खाडीच्या चिखलाचा वास राहायचा. ताटातला घास तोंडाशी नेताना तोच वास आधी यायचा.

त्यांनी इमारतीच्या वॉचमनला झापलं. गाडीला नवं कुलूप बसवलं. त्या कुलपाच्या आत, दुसऱ्या सकाळी, पाऊल होतंच.

गाडी विकून टाकावी असं मनात येई. मग छप्पर उघडून ते चालवायला बसत आणि तो विचार मागे पडे. अडचण एकच होती. पेडल इतके जवळजवळ होते की त्यांचा रुंद बूट एकाच वेळी दोन्हींवर पडायचा. पत्रीपुलावर एकदा ब्रेकऐवजी वेग वाढला आणि पुढचा टेम्पो टेकता टेकता वाचला. घाबरून त्यांनी गाडी बाजूला घेतली, बूट काढून शेजारच्या सीटवर ठेवले आणि अनवाणी पाय पेडलवर टेकवला.

पेडल कोमट होता.

किळसेने त्यांनी पाय मागे घेतला. पण घरी तर जायचं होतं. त्या दिवशी गाडी जशी चालली तशी आधी कधी चालली नव्हती. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता. घरी येऊन त्यांनी जंतुनाशकाने पाय चोळचोळून धुतले, तळवे लाल होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी मात्र ते बूट काढूनच गाडीत बसले. पुढे बूट गाडीत न्यायचंही त्यांनी सोडलं. पार्किंगमध्ये गाडीच्या जागेशेजारी ते जोडीने काढून ठेवू लागले.

"अहो, टाचा बघितल्यात का तुमच्या?" एका सकाळी नीला म्हणाली. टाचांना बोट जाईल अशा भेगा होत्या, आत काळं साचलेलं. त्यांनी दगडाने घासलं. जाड, पिवळट कातडी मोरीत पडली. ती उचलायला वाकले आणि तसेच थांबले. असे काप त्यांनी कितीतरी उचलले होते.

बूट सैल होऊ लागले. आधी त्यांनी पुढे कापूस कोंबला, मग आणखी कोंबला. सकाळचा पेपर बराच वेळ हातात असायचा, पण वाचून संपत नसे. चष्मा बदलायला गेले तर डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत.

नीला दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. एक दिवस तिने बॅग भरली.

"मी दिशाकडे चाललेय." दिशा त्यांची मुलगी, ठाण्यालाच राहायची. "तुमच्या उशीला, चादरीला चिखलाचा वास येतो. मी उकळत्या पाण्यात धुतल्या हो, तरी येतो. आधी वाटायचं, गाडीचा येतोय."

"नीला, मी फक्त तुला एकदा फिरवावं म्हणून..."

"मला गाडी नको होती कधी. तुम्ही हवे होतात, तुमच्या त्या फिनेलसकट." तिने बॅगेची चेन ओढली. "ती देऊन टाका आणि मला न्यायला या. रिक्षाने या. पण या."

आनंदरावांनी त्याच वेळी सुदेशला फोन लावला. पैसे नकोत, फक्त गाडी परत घ्या, म्हणाले.

"आणा की," सुदेश म्हणाला. "मी नसेन, पण आई आहे. रोज विचारते, गाडी कधी येणार म्हणून."

भर दुपारी ते बाळकुमला पोचले. अंगणात तापलेली खडी होती. शेडचं तोंड इतकं अरुंद की विकत घेतली तेव्हा गाडी चौघांनी ढकलून बाहेर काढली होती. आनंदरावांना मागे घेणं कधीच धड जमलं नव्हतं. आज त्यांनी मान वळवली आणि एका दमात गाडी आत लावली. तोंडाशी दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून.

दार उघडून पाय खाली ठेवला तेव्हा त्यांना कळलं. बूट ठाकुर्लीलाच राहिले होते, रिकाम्या जागेशेजारी, जोडीने काढलेले.

पायाजवळ त्या चपला होत्या. कुणी हलवल्या नव्हत्या.

गोदाबाई पायरीवर आली. गेल्या खेपेला ती त्यांच्याशी उघड्या डोक्याने, डोळ्याला डोळा देऊन बोलली होती. आज तिने पाहिलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि नजर खाली केली.

"पानी ठेवलंय पाय धुवाला," ती म्हणाली.

"नको. मी निघतो. माझी बायको वाट बघतेय."

तिने पाण्याचा तांब्या पायरीवर पुढे सरकवला.

आनंदरावांनी एक पाऊल खडीवर टाकलं आणि मागे घेतलं. पाऊल भाजलं म्हणून नव्हे. मुळीच भाजलं नाही म्हणून.

रिक्षा नाक्यावर मिळणार होती. अनवाणी कसं जायचं? नाक्यापर्यंत घालू आणि फेकून देऊ, त्यांनी मनाशी म्हटलं. डोळे मिटले. श्वास रोखला. उजवा पाय चपलेत घातला, मग डावा.

अंगठा खळग्यात बसला. टाच टाचेवर बसली.

चपला आतून ओल्या होत्या, आणि कोमट.

ते ओकारीची वाट बघत उभे राहिले. ती आली नाही.

खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढून डोळ्यांपुढे धरला. मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. काचेवर दोन अक्षरं होती. दोनच. ती कशी जोडायची ते त्यांना काही केल्या आठवेना.

फोन वाजतच होता. ते पायरीपर्यंत चालत गेले, चपला खाली काढल्या आणि तो गोदाबाईपुढे धरला.

"कोनाचा हाय, बग."