एक रेघ जास्त

लोकांचे संगणक दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. अचानक वीज गेली की डिस्क कामातून जाते, यूपीएस घ्या, असं मी गिऱ्हाइकांना कानीकपाळी ओरडून सांगतो. माझा स्वतःचा यूपीएस टेबलाखाली असतो. त्याच्यावर किती भार आहे ते समोरच्या हिरव्या रेघा दाखवतात.

परवा दुपारी बॅटरी तपासायची म्हणून मी मागचे सगळे प्लग काढले. तरी एक रेघ पेटलेलीच. दिवा बिघडला असेल, असं म्हणत मी बटण बंद केलं.

स्वयंपाकघरात बायको गुणगुणत भांडी विसळत होती. ती अर्ध्या शब्दावर थांबली. नळ मात्र वाहत होता. मी हाक मारली, पण ओ आली नाही. का कोण जाणे, मी बटण पुन्हा दाबलं आणि उरलेला अर्धा शब्द ऐकू आला.

मघाशी थांबलीस का, असं मी तिला विचारलं. मी कुठे थांबले, म्हणाली.

पुन्हा बंद करून बघायची माझी छाती झाली नाही. बॅटरी तर फुगली होती, फार टिकणार नव्हती. मी नवा यूपीएस आणून शेजारी ठेवला. संगणकाचा प्लग इकडून काढून तिकडे लावता येतो. हिचा प्लग कुठला?

तेव्हापासून मी या खोलीतून फारसा हललो नाही. टेबलाखाली अंडी उबवताय का, असं बायको विचारून गेली.

आज संध्याकाळी वीज गेली. यूपीएस टूं टूं करू लागला.

ती आत आली. "डोकं उठवलंय या डब्याने. बंद करा बघू."

"हात लावू नकोस."

"मग मीच करते," म्हणत ती वाकली. मी तिचं मनगट धरलं. ते उबदार होतं, नाडी लागत होती. तुझ्याशिवाय मला एक दिवसही काढता येणार नाही, एवढंच तिला सांगायचं होतं.

टूं टूं जलद झालं. मग सलग.

ती हसली आणि दुसऱ्या हाताने माझी बोटं सोडवू लागली.

"सोडा हो. गॅसवर दूध आहे, उतू जा—"

रेघ विझली.

दूध उतू गेल्याचा आवाज आला. आच विझली असावी.

तिच्या मुठीतली माझी बोटं निघत नाहीत. ती अजून हसतेच आहे.

गॅसचा वास इथपर्यंत येतोय. वीज अजून आलेली नाही.