आत कोण?

प्राण्यांच्या दवाखान्यात माणसाला कुत्रा चावतो तो कुत्र्यामुळे नव्हे, दारामुळे, असं ताईचं ठाम मत होतं. दार अर्धवट लोटलेलं राहतं, कडी बसली असं वाटतं आणि बसलेली नसते. कुत्रा बिचारा वाट दिसली की निघतो. आपणही तेच केलं असतं.

म्हणून मागच्या खोलीचा नियम तिनेच घालून दिला होता. कोणाला तरी चावलेली, पिसाळल्याचा संशय असलेली कुत्री तिथे पिंजऱ्यात नजरेखाली ठेवत. खोलीला दोन दारं होती आणि मध्ये माणूस जेमतेम वळेल एवढा बोळ. बाहेरचं दार भरीव पत्र्याचं, आतलं जाळीचं. आत जायचं तर बाहेर उभं राहून ओरडायचं, “आत कोण?” आत जी असेल तिने म्हणायचं, “थांब.” उत्तर आलं नाही तर खोली रिकामी. रिकाम्या खोलीला बाहेरून कडी हवीच, पण कडी दिसली तरी विचारायचं. एखादी आत असताना दुसरीने चुकून घातली असेल तर?

“जेलमध्ये तरी एवढं विचारत नसतील,” धाकटी पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण. नवऱ्याने दुसरा संसार मांडल्यावर एक पिशवी घेऊन ताईच्या दारात उभी राहिली, तेव्हा ताईने डॉक्टरीणबाईंच्या मागे लागून तिला इथे चिकटवली. तेव्हापासून ताईला धड झोप नव्हती. कामाला तिला ताईनेच आणलं होतं. उद्या धाकटीला दात लागला, तर कोणाला तोंड दाखवणार? काळजी पोटात असायची आणि ओठांवर मात्र वेगळंच यायचं. “हातमोजे कुठे तुझे? बूट घातलेस का? डोळे घरी ठेवून आलीस का?”

धाकटी मान खाली घालून बूट चढवायची. नवरा गेल्यापासून ती हसायचीच बंद झाली होती.

एका सकाळी ताई बादली घेऊन मागच्या दाराशी आली. कडी घातलेली होती. सवयीने तिने विचारलं, “आत कोण?”

“थांब,” आतून उत्तर आलं.

ताई थांबली. कोणीतरी धाकटीला कोंडलंय वाटतं, असं मनात म्हणत कडीला हात घालणार, तोच मागून धाकटी आली, हातात धुतलेली भांडी.

“कोणाशी बोलतेस?”

ताईने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मग फासाची काठी घेतली आणि दार बोटभर उघडलं. आत माणूस नव्हतं. पण पिंजऱ्याच्या दाराचा खिळा निसटला होता, जाळी उघडी राहिली होती आणि काळा कुत्रा बोळात, दाराला नाक लावून उभा होता.

डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या, “मावशी, पत्रा आहे, आवाज घुमतो.” ताई म्हणाली, असेल. घुमलेल्या आवाजाने भलताच शब्द कसा आणला, हे तिने विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला अडचणीत का टाका.

पुढच्या खेपेला धाकटीने ऐकलं. ती थांबली, डोकावली, तर औषधाची बाटली फुटून फरशीभर काचा. त्यानंतर एकदा खुद्द डॉक्टरीणबाई हातात सुई घेऊन दाराबाहेर मुकाट उभ्या राहिलेल्या दिसल्या.

“काय झालं?”

“काही नाही. थांबलेय,” त्या म्हणाल्या, आणि कानापर्यंत लाल झाल्या.

सुरुवातीला समोरच्या खोलीत सांभाळायला ठेवलेल्या पोपटावर संशय गेला. पण त्याला फक्त शिव्या येत होत्या, त्याही मालकाच्या सासरच्यांना उद्देशून.

मग सगळ्यांना सवय झाली. माणसाला कशाचीही होते. मागची खोली ‘थांब’ म्हणाली की थांबायचं, काठी घ्यायची, जपून बघायचं. गप्प राहिली की बेलाशक जायचं. त्या महिन्यांत कोणाला ओरखडाही उठला नाही.

“आवाज कोणासारखा वाटतो गं तुला?” ताईने एकदा विचारलं.

धाकटी वाट्या पुसत होती. “आधी कोणासारखाच नव्हता. आता तुझ्यासारखा येतो. अगदी तुझाच, फक्त वैताग काढून टाकलेला.”

ताईला ते लागलं. पण त्याहून जास्त लागलं, ते दुसऱ्या दिवशी दिसलेलं. धाकटीने दाराशी विचारलं, उत्तर आलं नाही, आणि ती सरळ दोन्ही दारं ढकलून आत. जाळीतून पाहिलं नाही की खिळा चाचपला नाही.

“बघायचं कोणी?” ताई कडाडली.

“ते बघतं ना.”

“ते कोण? तुझा काका लागतो? उद्या नाही बोललं तर?”

“आजवर कधी चुकलंय?” धाकटी म्हणाली. मग खाली बघून, “आणि ते ओरडत नाही.”

ताईने त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना गाठलं. पत्र्याच्या दाराला भोक पाडून काच बसवा, म्हणाली, म्हणजे माणूस डोळ्यांनी बघून आत जाईल. बाई हो म्हणाल्या. सुताराला निरोप गेला. आता खोलीने बोलायची गरजच उरणार नव्हती.

त्या दुपारी दवाखाना बंद व्हायच्या आधी पाणी ठेवायला ताई मागे गेली.

“आत कोण?”

उत्तर आलं नाही.

तिने कडी काढली आणि बोळात येऊन बाहेरचं दार ओढून घेतलं. जाळीतून नीट पाहिलं. पट्ट्यापट्ट्यांचा कुत्रा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात निजला होता, खिळा जागेवर होता. आत जाऊन तिने जाळीही लावली आणि नळाशी वाकून वाटी भरू लागली. फिनेलचा वास, पाण्याची बारीक धार. मग मागे फरशीवर नखं वाजली.

खिळा खाली पडला होता. कुत्रा तिच्या आणि जाळीच्या मध्ये उभा होता, ओठ ओले.

अशा वेळी काय करायचं, ते तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. डोळ्यांत बघायचं नाही. हलायचं नाही. तोंडातून आवाज काढायचा नाही.

कुत्र्याने तिच्या बुटाचा वास घेतला.

बाहेर पावलं आली. धाकटीची.

“आत कोण?”

ही आता नेहमीसारखी सरळ आत घुसणार. बोल, ताई मनात म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या खोलीची विनवणी केली. बोल ना गं. थांब म्हण तिला.

खोली गप्प होती.

“कोणी नाही,” आवाज आला. बाहेरून. धाकटीच्या अगदी शेजारून. “घाल कडी.”

“अगं, तू इथे होय! मला वाटलं, आत आहेस.”

कडी सरकली.

कुत्र्याने दाराच्या दिशेने कान टवकारले. मग वळला, आपण होऊन पिंजऱ्यात शिरला आणि निजला, इथलं काम आटोपल्यासारखा. ताईने खिळा बसवला. जाळी उघडून बोळात आली आणि पत्र्याला अंग टेकवलं. ‘अगं, मी आत आहे,’ असं तिला ओरडायचं होतं. जीव एकवटून तिने तोंड उघडलं.

“थांब,” ती म्हणाली.

तेवढंच निघालं. सपाट, हळू. तिने पुन्हा ओरडून पाहिलं. पुन्हा तेच.

बाहेर पावलं थबकली.

“ऐकलंस, ताई? आज उशिरा जागं झालंय.”

“होऊ दे. चल, दमलीस तू आज. घरी गेल्यावर तुझे केस विंचरून देते.”

मग दोघींची पावलं निघाली, सावकाश, गप्पा मारत चाललेल्या माणसांची. कोपऱ्यावर वळताना ताईचा आवाज काहीतरी म्हणाला, ते नीट ऐकू आलं नाही.

आणि कित्येक महिन्यांनी धाकटी खळखळून हसली.